लीव्ह म्हणजे सुट्टी, असं मी तिला शिकवलं

कतारला जायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. वाळवंटात जाऊन बघायचं तरी काय, हा माझा सवाल. पण डिसेंबरात लेकीचा, अश्विनीचा फोन आला. "आई, समीरची लीव्ह यंदाही सँक्शन झाली नाही. आम्ही काही नाशिकला येत नाही. आता तूच ये." समीर माझा जावई, रास लफानला गॅसच्या प्रकल्पावर इंजिनियर. सलग तिसऱ्या वर्षी त्याची सुट्टी हुकली होती आणि नातीची उंची मी व्हिडिओ कॉलवरच मोजत होते. म्हटलं, बास झालं, जाऊन येऊ.

जायचं असेल तर जानेवारीतच जा. हवा आपल्या नाशिकच्या दिवाळीसारखी असते, संध्याकाळी शाल लागते. मुंबईहून विमान चार तासांच्या आत दोह्याला टेकतं आणि घड्याळ अडीच तास मागे करावं लागतं. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका, निघण्याआधी स्वतः बघून घ्या. मी बॅगेत चिवडा, मेतकूट आणि गोडा मसाला भरला होता, तो सगळा सुखरूप पोचला.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. समोरचा काय बोलतोय याच्या आधी तो कसं बोलतोय इकडे माझा कान जातो. विमानातल्या हवाईसुंदरीचीसुद्धा मी मनातल्या मनात एक चूक काढली होती.

विमानतळावरून उत्तरेला अल खोरला जायला पाऊण तास लागला. रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत की मला डुलकी लागली. अल खोर समुद्रकाठचं शांत गाव आहे. रास लफानला काम करणारी पुष्कळ मंडळी इथेच राहतात, एकाच भिंतीच्या आत एकसारखी घरं, त्याला सगळे कंपाउंड म्हणतात. पहाटे कंपनीच्या बसेस येतात, पुरुष जातात, नंतर शाळेच्या बसेस येतात, मुलं जातात. मग दुपारपर्यंत चिटपाखरू नसतं. समीरराव सकाळी पाचला घर सोडायचे, नात ईरा सहाला, आणि अश्विनी साडेसातला तिच्या क्लिनिकच्या ऑफिसात. उरले मी आणि फ्रिजचा आवाज.

त्या घरात एक शब्द उठता-बसता कानावर पडायचा. लीव्ह. "लीव्ह अप्रूव्ह झाली का?" "अॅन्युअल लीव्ह नाही तर इमर्जन्सी लीव्ह टाक." "इन्शाल्ला, मार्चमध्ये लीव्ह." शनिवारी जेवायला आलेल्या मराठी मित्रमंडळींतसुद्धा विषय तोच, कोणाची लीव्ह कधी. आखाती देशांत आपली माणसं या शब्दावर जगतात असं मला वाटायला लागलं. आठ वर्षांच्या ईराला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. तीसुद्धा बाहुलीला म्हणायची, "नो लीव्ह फॉर यू."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी कंपाउंडमधल्या बाकावर ऊन खात बसले होते. एक बाई येऊन शेजारी बसली. चिनी, असेल तिशीची, हातात निळा थर्मास. थर्मासच्या झाकणात तिने काहीतरी ओतून मला दिलं. मी चहा समजून घेतलं तर नुसतं गरम पाणी. चेहरा लपवता येत नाही माझा, ती खुदकन हसली. मी विचारलं, कुठे राहतेस? तर समोरच्या घराकडे बोट करून म्हणाली, "आय लीव्ह हिअर. टू इयर्स."

म्हटलं, दोन वर्षं झाली आणि ही अजून निघतेच आहे?

घोटाळा लगेच लक्षात आला. तिला 'लिव्ह' म्हणायचं होतं, राहते. चिनी लोकांना म्हणे ह्या दोन उच्चारांतला फरक ऐकूच येत नाही. आपल्याला वेलांट्यांनी तरी तारलंय. मी वाळूत काडीने पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी काढून दाखवली. आखूड म्हटलं की राहायचं, लांबवलं की निघायचं. तिने दोन्ही वेलांट्या मन लावून गिरवल्या. नाव विचारलं तर लिन. ऱ्हस्व, हे तिने स्वतःच काडीने लिहून दाखवलं. ही पोरगी मला त्याच क्षणी आवडली.

लिनचा नवरा कुठल्याशा कंत्राटी कंपनीत होता. तो पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. दोन वर्षांत कंपाउंडमध्ये ती कोणाशी दोन वाक्यं धड बोलली नव्हती, कारण बोलायला गेली की समोरच्याला कळायचं नाही आणि मग ती फोन पुढे करायची. फोन तिच्या भाषेतलं इंग्रजीत करून बोलायचा. मी म्हटलं, ते काही चालणार नाही. रोज अकराला माझ्याकडे ये, चहा घे, इंग्रजी शीक. नियम एकच. फोन बंद.

हा नियम माझा. तो नीट लक्षात ठेवा.

पुढचे दहा-बारा दिवस कसे गेले कळलं नाही. मी प्रवासाला आले होते हे विसरूनच गेले. सकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या फरसबंदी रस्त्यावर, फेरी मारायची, मासळीबाजारात हमूर नावाच्या माशाचा भाव विचारून काही न घेता परत यायचं (मी खात नाही, पण भाव विचारल्याशिवाय राहवत नाही), नाक्यावर गाडीतल्या गाडीत मिळणारा कडक चहा, ज्याला तिथे करक म्हणतात, तो एखाद-दोन रियालला घ्यायचा, आणि अकराच्या आत घरी. लिन बरोबर अकराला दार वाजवायची. हातात वही, काखेत थर्मास.

एका रविवारी तिने विचारलं, तुमच्या घरून सारखं लीव्ह लीव्ह ऐकू येतं, ते काय? बाई, त्या एका शब्दाने आमचे दोन तास खाल्ले. वहीच्या पानावर मी मोठ्या अक्षरात शब्द लिहिला आणि खाली एकेक अर्थ. सर्वांत वर सुट्टी, कारण त्या घरात तोच अर्थ चालायचा. मग निघून जाणं. नोकरी सोडणं. "लीव्ह इट", म्हणजे असू दे, हात लावू नको. "लीव्ह मी अलोन", म्हणजे जरा एकटं सोड. कोणासाठी काही ठेवून जाणं. त्याचाच भूतकाळ लेफ्ट, आणि लेफ्ट म्हणजे डावासुद्धा. लिनने पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांच्याकडे ह्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. सुट्टीला श्यूज्या, निघण्याला लीखाय, ठेवून जाण्याला ल्यौ. निदान मला तसं ऐकू आलं. "वन वर्ड," ती म्हणाली, "टू मच वर्क."

मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. हे कोण? माझे यजमान. आता कुठे? मी सवयीने मराठीतच म्हणून गेले, "गेले." तिने विचारलं, गेले म्हणजे लीव्ह? मी मानेनेच हो म्हटलं. ती म्हणाली, आमच्याकडेही माणूस वारला की म्हणतात, निघून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत माझ्या घरच्यांनी जो विषय काढायचा टाळला, तो ह्या मुलीने एका क्रियापदावरून काढला होता.

त्याच दिवशी निघताना ती म्हणाली, "ओके, आय गो." मी तिला थांबवलं. म्हटलं, आमच्या घरातून असं जाते म्हणून जायचं नाही. येते म्हणायचं. ती म्हणाली, पण मी तर जातेय. मी म्हटलं, जातेसच, पण परत येणार ना? म्हणून येते. तिने ते पाच-सहा वेळा घोळवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दारात उभी राहून म्हणायची, "येते." आणि मी आतून म्हणायचे, "ये." ईराने हे ऐकलं तर डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, हर मराठी इज बेटर दॅन माइन."

आता मंगळवार.

अल खोरपासून पंधरा मिनिटांवर अल थखिराला कांदळवन आहे, भर वाळवंटाच्या कडेला समुद्राच्या पाण्यात उभी हिरवी झाडं. लिनला ते बघायचं होतं. दोन वर्षं शेजारी राहून तिला कोणी नेलं नव्हतं. आम्ही दोघी कधीतरी जाऊ असं आमचं ठरलं होतं. मंगळवारी ती आली तीच जरा घाईत. बसली नाही. म्हणाली, "टीचर, थर्सडे वी लीव्ह."

दुसरी वेलांटी अगदी बरोबर लागली होती. लांब, स्पष्ट. मी इतकी खूश झाले की टाळी वाजवली. "व्हेरी गुड. पण पूर्ण वाक्य म्हण. वी आर ऑन लीव्ह ऑन थर्सडे." माझ्या डोक्यात चित्र तयार होतं, नवऱ्याला अखेर सुट्टी मिळाली. दुसरं काय असणार, त्या घरात पंधरा दिवस मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

लिन म्हणाली, "नो टीचर. नो हॉलिडे. लीव्ह."

"लीव्ह म्हणजेच हॉलिडे, बाळा. सेम."

तिचा हात पर्समधल्या फोनकडे गेला. मी टेबलावर बोटाने टकटक केलं. फोन नाही. तिने हात मागे घेतला. थोडा विचार करून म्हणाली, उद्या कांदळवन बघायला जाऊ या का? उद्याच. मी म्हटलं, उद्या नाही जमायचं, उद्या मला चकल्या करायच्यात, लेकीला भाजणी आणून दिलीय ती तशीच पडलीये. गुरुवारी अश्विनीने माझ्यासाठी मुद्दाम लीव्ह टाकलीये, आम्ही दोह्याला जाणार. तुम्हीही सुट्टीवर आहात, तर शुक्रवारी निवांत जाऊ. मग मी तिच्याकडून ते वाक्य तीन वेळा म्हणून घेतलं. "वी आर ऑन लीव्ह ऑन थर्सडे." गुणी विद्यार्थिनीसारखं तिन्ही वेळा तिने बिनचूक म्हटलं. मी शाबासकी दिली.

शिकवलेलं तिला आलं होतं. मलाच ऐकू आलं नाही.

बुधवारी दुपारी तेल तापलं होतं आणि मी सोऱ्या धरून उभी होते. दार उघडंच होतं. लिन उंबऱ्यात आली, आत नाही आली. मी मान वळवून म्हटलं, बस ना, गरम चकली खा. ती म्हणाली, नको. थोडा वेळ उभी राहिली. मी कढईत बघत होते, चकल्या तांबूस होत आल्या होत्या आणि एका मिनिटाने करपतात हे सगळ्या बायकांना माहीत आहे. मग ती म्हणाली, "येते." मी न वळता म्हटलं, "ये, ये." चकल्या फार छान झाल्या होत्या.

गुरुवारी ईराला शाळेच्या बसमध्ये बसवून आम्ही दोघी मायलेकी दोह्याला गेलो. जाणार असाल तर आम्ही केलं तसं करा, गाडी लुसैलला लावा आणि पुढे मेट्रोने जा. दिवसभराचा पास सहा रियालला मिळतो आणि मेट्रो इतकी चकाचक की चप्पल काढून बसावंसं वाटतं. मुशैरिबला उतरलो. जुनी वस्ती पाडून नवीन शहर वसवलंय, फिकट दगडाच्या इमारती, मधून अरुंद गल्ल्या, सावली पडेल अशा बेताने बांधलेल्या. तिथली ट्राम फुकट आहे, आम्ही दोन चकरा मारल्या. मग चालत सूक वाकिफ ह्या जुन्या बाजारात गेलो. मसाल्यांची पोती, पिंजऱ्यातले पोपट, आणि एका दुकानात चक्क डोळ्यांवर टोप्या घालून बसलेले ससाणे. एक बाई उलथ्या तव्यावर रगाग करत होती, आपल्या घावनापेक्षाही पातळ, वर चीज आणि मध. दोन खाल्ले. अश्विनी म्हणाली, "आई, कित्येक वर्षांनी मी अशी नुसती फिरतेय." मला फार बरं वाटलं. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही, तीच तर पंचाईत आहे.

चारला घरी पोचलो. ईरा शाळेतून येऊन शेजारच्या मैत्रिणीकडे थांबली होती. ती धावत आली आणि म्हणाली, "आजी, लिन आंटी इज गॉन." मी म्हटलं, गेली म्हणजे कुठे गेली? फिरायला? तर म्हणाली, मोठ्या बॅगा होत्या, व्हॅन आली होती, सोफा इथेच ठेवला. मी समोर बघितलं. खिडक्यांचे पडदे काढलेले होते.

"पण ती सुट्टीवर आहे," मी म्हटलं.

ईरा म्हणाली, "शी टोल्ड यू, आजी. ट्यूजडेला मी माझ्या रूममध्ये होते, ताप होता ना मला. शी सेड, वी लीव्ह. यू सेड, से इट अगेन."

आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं. तिला वाटलं, आजीलाही कळलंय.

आमच्या दाराशी निळा थर्मास ठेवलेला होता. झाकणाखाली वहीचं घडी केलेलं पान. मी ते तिथेच, पायरीवर बसून वाचलं. ओळी तीनच होत्या, रोमन अक्षरांत. "थर्सडे वी लीव्ह. आय लीव्ह यू धिस. येते."

मी एकतीस वर्षं पेपर तपासलेत. कागद हातात आला की डोळा आधी चूक शोधतो. पहिल्या वाक्यात नव्हती. दुसऱ्या वाक्यात नव्हती, उलट सर्वांत अवघड अर्थ तिने अचूक वापरला होता. मग मला रडू आलं आणि अश्विनी घाबरून पाणी घेऊन आली.

संध्याकाळी समीररावांनी चौकशी केली. लिनच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं, आठवड्याभरात जायची नोटीस होती. तिचा इथला नंबर लावला तर बंद. व्हॉट्सअॅप तिच्या देशात चालत नाही. त्यांचं जे अॅप आहे त्यात शिरायला आधीपासून आत असलेलं कोणीतरी ओळखीचं लागतं, आणि माझ्या ओळखीची एकच होती. समीरराव म्हणाले, "आई, असं होतं इथे. माणसं येतात, जातात. आपण नाही मनाला लावून घ्यायचं." ते चांगल्यासाठीच म्हणाले. पण ती गेली एवढ्याचंच मला वाईट वाटत नव्हतं. तिने दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा तिचं वाक्य सुधारलं, हे मनातून जात नव्हतं.

शुक्रवारी आम्ही सगळे अल थखिराला गेलो. मी नको म्हणत होते, ईराने ओढून नेलं. भरतीच्या वेळा बघून जा, ओहोटीला नुसता चिखल असतो. लाकडी पुलावरून चालत जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि हौस असेल तर छोट्या होड्या भाड्याने मिळतात. जुने बूट घाला. पाणी गुडघाभर, स्वच्छ, त्यात उभी झाडं आणि पानांवर मिठाचे कण. ईराने एक पान चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. लांबवर बगळे होते. घरापासून जेमतेम पंधरा मिनिटं. बुधवारी टॅक्सी करून गेलो असतो तर चकल्या करायच्या वेळात जाऊन परत आलो असतो. हे गणित मी पुलावर उभं राहून केलं आणि नंतरही पुष्कळदा केलंय.

मी थर्मास बरोबर नेला होता. ईराला झाकणात पाणी ओतून दिलं तर म्हणाली, "इट्स जस्ट हॉट वॉटर." मी म्हटलं, हो, पी.

परत निघताना विमानतळावर ईरा म्हणाली, "बाय, आजी," मग जरा थांबून, "आजी, तू येते म्हण." मी म्हटलं.

नाशिकला येऊन आता दोन महिने झाले. लोक विचारतात, कसं आहे कतार? मी म्हणते, जरूर जा, रस्ते उत्तम, हवा छान, जानेवारी गाठा. सगळं खरं आहे. थर्मास ओट्यावर असतो. सकाळी मी त्यातलं गरम पाणी पिते, अजून आवडत नाही. ती कुठल्या गावची हे मी कधी विचारलंच नव्हतं. व्याकरणात ते आलं नाही.

संध्याकाळी माझ्याकडे दोन-तीन मुली इंग्रजी शिकायला येतात. परवा त्यातली एक वही मिटत म्हणाली, "बाई, मंडे आय लीव्ह." ऑन राहिलं होतं, बाकी शब्दही राहिले होते. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि विचारलं, "सुट्टी हवीये, की सोडून चाललीस?"

ती गोंधळली. "सुट्टीच हो, बाई. मावशीचं लग्न आहे."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि दप्तर उचललं. चपला घालून दारातून म्हणाली, "येते, बाई."

गॅसवर दूध होतं. मी उठून गॅस बंद केला आणि दारापर्यंत गेले.